कृत, कारित, अनुमोदित

माहिती तंत्रज्ञानाच्या आधाराने होणारा दहशतवाद दोन प्रकारचा असतो. पहिल्यात संगणक हेच लक्ष्य असते. वीजपुरवठा, बँका, रेल्वे, रुग्णालये यांच्या यंत्रणेत शिरून त्या बंद पाडायच्या. दुसऱ्यात लक्ष्य माणूस असतो आणि संगणक, फोन, उपग्रह ही साधने असतात. भीती पहिल्या प्रकाराची जास्त बोलून दाखवली जाते, कारण ती कादंबरीला शोभते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, तेव्हा परकीय संगणकहल्ल्याचा संशय राज्याच्या सायबर विभागाने व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. असे हल्ले करण्याची खरी ताकद आजवर मुख्यतः सरकारांकडेच दिसली आहे. दहशतवादी संघटनांनी प्रत्यक्षात माणसे मारली ती दुसऱ्या प्रकाराने, बाजारात कोणालाही मिळतील अशा वस्तू वापरून. म्हणून इथे विचार मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा आहे.

त्याचे सर्वांत तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री लष्कर-ए-तय्यबा या पाकिस्तानी संघटनेचे दहा जण कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. समुद्रातली वाट त्यांनी जीपीएसवर काढली होती. ‘कुबेर’ या पळवलेल्या बोटीवर उपग्रहफोन सापडला. शहरातली ठिकाणे त्यांना आधी चित्रफितींवर आणि संगणकाच्या नकाशांवर दाखवण्यात आली होती. त्याच संघटनेसाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने मुंबईत वारंवार येऊन त्या ठिकाणांचे चित्रण केले होते आणि जीपीएसवर जागांच्या नोंदी घेतल्या होत्या. हल्ला सुरू झाल्यावर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस इथल्या हल्लेखोरांशी कराचीतले सूत्रधार सतत बोलत राहिले. हे बोलणे इंटरनेटवरून होत होते. त्यासाठी न्यू जर्सीतल्या एका कंपनीकडे ऑक्टोबर २००८ मध्ये भारतीय वाटावे अशा बनावट नावाने खाते उघडले गेले, पैसे मनीग्राम आणि वेस्टर्न युनियनने भरले गेले, त्यांतला एक हप्ता इटलीतल्या ब्रेशियाहून आला, आणि या बोलण्यात ऑस्ट्रियाचे क्रमांकही वापरले गेले. पाच देशांना जोडणाऱ्या या व्यवस्थेचा खर्च काही शे डॉलर होता.

सूत्रधारांसमोर दूरचित्रवाणी चालू होती. भारतीय वाहिन्या जे थेट दाखवत होत्या ते पाहून ते हल्लेखोरांना पोलीस कुठे आहेत, इमारतीच्या कोणत्या बाजूला हालचाल आहे, हे सांगत होते. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरत असतानाचे दृश्य देशभर दिसले, म्हणजे ते कराचीतही दिसले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मधल्या निकालात वाहिन्यांना याबद्दल कठोर शब्दांत फटकारले आणि सुरक्षा दलांचे प्राण त्यांनी धोक्यात घातले असे म्हटले. टिपलेल्या संभाषणांत एक प्रसंग असा आहे की ताजमधल्या खोल्यांतले मोठ्या पडद्यांचे संगणक पाहून एक हल्लेखोर हरखून जातो आणि सूत्रधाराला मध्येच त्याला आग लावायची आठवण करून द्यावी लागते. पुढे ओलिसांना ठार मारायचे हुकूमही याच फोनवरून दिले गेले आणि गोळ्यांचा आवाज पलीकडे ऐकला गेला. चार दिवसांत १६६ माणसे गेली.

या प्रसंगातून जो तात्त्विक प्रश्न उभा राहतो तो जुनाच आहे: हिंसेचा कर्ता कोण? भारतीय परंपरेने त्याचे एक नेमके उत्तर दिलेले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत, साधनपादात, हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद केले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून जिला मान डोलावली ती. जैन आचारधर्मात हीच त्रिपुटी आणखी काटेकोर आहे. तिथे साधू व्रत घेतो ते मन, वाणी आणि काया या तिन्हींनी हिंसा न करण्याचे, न करवण्याचे आणि करणाऱ्याला अनुमोदन न देण्याचे. तिन्ही प्रकारांत दोष लागतो यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे. पतंजली मात्र पुढे सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्याही मांडतो. म्हणजे दोष सर्वांना असला तरी सारखा नसतो. हा बारकावा आजच्या राज्यकर्त्यांनी सर्वांत जास्त विसरलेला आहे.

जुन्या काळी या तिघांमध्ये अंतराची एक नैसर्गिक मर्यादा होती. करवणाऱ्याला करणाऱ्यापर्यंत पोहोचावे लागे, निदान निरोप्या पाठवावा लागे, आणि एकदा माणूस निघाला की त्याच्या हातून जे होईल ते होईल. मारेकऱ्याला ऐन वेळी दया येऊ शकत होती, भीती वाटू शकत होती, तो पळून जाऊ शकत होता. कराचीतल्या फोनने ही फट बुजवली. थकलेल्या, भुकेल्या, घाबरलेल्या विशीतल्या पोरांना क्षणोक्षणी धीर देणारा, धर्माचा हवाला देणारा आवाज कानात होता. मन बदलायला जो एकांत लागतो तोच त्यांना मिळू दिला नाही. नैतिक हिशेबात याचा अर्थ असा की करवणाऱ्याचा वाटा इथे करणाऱ्याहून कमी धरता येत नाही. उलट तो जास्त आहे, कारण त्याने धोका काहीच पत्करला नाही आणि निर्णय सगळे आपल्याकडे ठेवले.

अनुमोदनाचे तर रूपच पालटले. पूर्वी ते गावातल्या चावडीवर किंवा चार भिंतींच्या आत होत असे आणि तिथेच विरत असे. आता ते नोंदले जाते, मोजले जाते, पुढे ढकलले जाते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात एका वंशवाद्याने दोन मशिदींमध्ये ५१ माणसे मारली आणि त्याचे थेट प्रक्षेपण फेसबुकवर केले. फेसबुकच्या म्हणण्याप्रमाणे ते चालू असताना पाहणारे दोनशेपेक्षाही कमी होते. पण पुढच्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती कंपनीला काढाव्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून जास्त प्रती चढवल्या जात असतानाच अडवल्या गेल्या. मारेकरी एक होता. प्रती चढवणारे हजारो होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपण काहीच केले नाही असे वाटत असणार. शिवाय यंत्रही अनुमोदन करते. काय वर आणायचे हे ठरवणारी संगणकाची सूत्रे ज्या गोष्टीवर माणूस थबकतो ती आणखी माणसांपुढे ठेवतात. त्या सूत्रांना हेतू नसतो. त्यांच्या मालकांना नफ्याचा हेतू असतो.

सरकारने प्रतिकार कसा करावा हे ठरवताना ही तीन माणसे वेगळी ठेवावी लागतात. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याच्याबद्दल फारसा वाद नाही. त्याला रोखायला सज्ज पोलीस, चांगली शस्त्रे आणि वेळेवर पोहोचणारे कमांडो लागतात. २००८ मध्ये यांतले बरेच नव्हते. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र मुंबईत हल्ल्यानंतर आले, राष्ट्रीय तपास संस्था त्याच वर्षाच्या अखेरीला कायद्याने स्थापन झाली. थेट प्रक्षेपणाबाबत केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल मात्र २०१५ मध्ये झाला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची असा तो नियम आहे. साधा, स्वस्त आणि कोणाच्याही हक्काला फारसा धक्का न लावणारा हा उपाय सुचायला आणि लिहायला सहा वर्षे लागली.

करवणाऱ्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे, कारण तो दुसऱ्या देशात बसलेला असतो. इथे तंत्रज्ञानाइतकाच कायदा आणि मुत्सद्देगिरी लागते. मुंबई प्रकरणात इंटरनेटवरच्या फोनखात्याचा माग अमेरिकी तपास यंत्रणेच्या मदतीने लागला, पैशाच्या पावत्या इटलीपर्यंत गेल्या. संभाषणे टिपलेली होती, आवाज होते, पण ते कोणाचे हे सिद्ध करायला संशयितांच्या आवाजाचे नमुने हवे होते आणि ते पाकिस्तानने दिले नाहीत. ज्याच्यावर खटला चालवता आला तो झबिउद्दीन अन्सारी, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. कराचीतल्या नियंत्रणकक्षात बसून हिंदीत सूचना देणारा एक आवाज त्याचा असल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे, आणि तो हाती आला सौदी अरेबियाने २०१२ मध्ये त्याला परत पाठवले म्हणून. हेडलीची साक्ष मुंबईच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतून दृक्‌श्राव्य माध्यमाने घेतली. ज्या तंत्राने कट चालवला गेला त्याच जातीच्या तंत्राने कटाची साक्ष नोंदली गेली. पैशाची नाडी आवळण्याचा मार्गही काही प्रमाणात चालला. जागतिक पातळीवर दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तानला देखरेखीच्या यादीत ठेवले आणि त्या काळात लष्कर-ए-तय्यबाच्या काही प्रमुखांना तिथल्या न्यायालयांनी अर्थपुरवठ्याच्या गुन्ह्यांत शिक्षा सुनावल्या. खुनाच्या गुन्ह्यात नाही, हेही नोंदवले पाहिजे.

देशोदेशींच्या पोलिसांनी डिजिटल पुरावा एकमेकांना लवकर द्यावा यासाठी २००१ मध्ये बुडापेस्ट करार झाला. तो मुख्यतः युरोपने आपल्यासाठी लिहिला, आपल्याला विचारले नाही, या भूमिकेतून भारत त्यात गेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांविषयी नवा जागतिक करार स्वीकारला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबई आणि दिल्लीत भरली, मुंबईतला भाग ताज हॉटेलातच झाला, आणि दिल्ली घोषणापत्रात इंटरनेट, नवी देयकसाधने व ड्रोन हे तीन विषय ठळक केले गेले. अशा घोषणांनी लगेच काही होत नाही. पण पुरावा मागायला गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याला उत्तर यायला महिनोन् महिने लागतात हा आजचा खरा अडथळा आहे, आणि तो करारांनीच दूर होणार आहे.

सगळ्यांवर सतत पाळत ठेवली असती तर हल्ला टळला असता, असे एक उत्तर नेहमी दिले जाते. मुंबईचेच उदाहरण याच्या विरुद्ध जाते. एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी माध्यमांत आलेल्या शोधवृत्तानुसार, लष्कर-ए-तय्यबाच्या तंत्रविभागाचा प्रमुख झरार शाह याच्या संगणकावरच्या हालचाली ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणा हल्ल्याच्या आधीपासून पाहत होती. भारतीय यंत्रणांकडे काही धागे होते, अमेरिकेकडे काही होते. इंटरनेट दूरध्वनीची चौकशी, नकाशे, ठिकाणांचा शोध हे सगळे त्या ढिगात पडलेले होते. ते एकत्र ठेवून वाचले गेले ते प्रेते उचलल्यानंतर. कमतरता माहितीची नव्हती. ती वाचणाऱ्या माणसांची, एका देशाने दुसऱ्याला सांगण्याची आणि एका खात्याने दुसऱ्यावर विश्वास टाकण्याची होती.

कौटिल्याला ही अडचण ठाऊक होती. अर्थशास्त्रातले हेरखाते अफाट आहे. तापस, व्यापारी, शेतकरी, भिक्षुणी अशा कितीतरी वेषांत हेर फिरतात आणि राजाच्या अमात्यांवरही नजर ठेवतात. आधुनिक पाळतयंत्रणेचे समर्थन करणारे त्याचा दाखला हौसेने देतात. पण त्याच ग्रंथात अशी अट आहे की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळल्याशिवाय ती खरी धरू नये, आणि ज्यांची बातमी वारंवार चुकते त्यांना दूर करावे. माहिती गोळा करण्याइतकीच ती पडताळण्याची शिस्त महत्त्वाची, हे तो जाणून होता. २६/११ नंतर आखलेल्या नॅटग्रिडचा, म्हणजे वेगवेगळ्या सरकारी नोंदी जोडून पाहण्याच्या व्यवस्थेचा, मूळ हेतू हाच होता. जोडलेल्या नोंदी कोण, कोणत्या कारणाने उघडतो याचा हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न मात्र कौटिल्याच्या चौकटीत सुटत नाही. तिथे हेरांचा मालक राजा आहे आणि राजावर हेर नाहीत.

सर्वांत घसरडी जागा अनुमोदनाची. इथे महाराष्ट्राच्या इतिहासातले एक प्रकरण कामाला येते. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. टिळकांनी ‘केसरी’त त्यावर लिहिले. ९ जूनच्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखात त्यांचे म्हणणे असे होते की बाँब ही मोठ्या कारखान्याची वस्तू राहिलेली नाही, तिचे ज्ञान थोडक्यात मावते, आणि नुसत्या स्फोटक पदार्थांच्या व वृत्तपत्रांच्या कायद्याने ते थोपणार नाही. उपाय लोकांच्या असंतोषाच्या मुळाशी आहे. सरकारने यात हिंसेचे अनुमोदन पाहिले. टिळकांनी सांगितले की हे निदान आहे, समर्थन नाही. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. लोकांच्या हाती आलेल्या नव्या तंत्राबद्दलचे त्यांचे निरीक्षण शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. कारण सांगणाऱ्याला समर्थक ठरवण्याची सरकारांची खोडही टिकून आहे.

स्वतंत्र भारताने हीच चूक पुन्हा केली. मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या दुरुस्त्या फारशी चर्चा न करता मंजूर केल्या. त्यांतून कलम ६६ एफ आले, ते सायबर दहशतवादासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगते. त्याच दुरुस्तीतून कलम ६६ ए आले, ते आक्षेपार्ह किंवा त्रासदायक संदेश पाठवणे हा गुन्हा ठरवत होते. दोन्हींचा उपयोग कसा झाला पाहा. ६६ एफ खाली शिक्षा झाल्याची प्रकरणे अगदी विरळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी शाळेवर हल्ल्याचा बेत समाजमाध्यमांवरून आखल्याबद्दल एका संगणक अभियंत्याला दोषी ठरवले, ते त्यांतले ठळक. ६६ ए मात्र देशभर वापरले गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याबद्दल अटक झाली. त्यांतल्या एकीचा गुन्हा तर दुसरीचे लिहिणे पसंत केल्याचा होता. दहशतवाद्यांसाठी विणलेल्या जाळ्यात चिमण्या सापडल्या.

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६ ए रद्द केले. त्या निकालाने घालून दिलेली रेषा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोलाची आहे. एखाद्या मताची चर्चा करणे, त्या मताचा पुरस्कार करणे आणि हिंसेला चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राज्याचा हात फक्त तिसऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. धर्मशास्त्राची भाषा वापरायची तर अनुमोदनाचे पाप प्रत्येकाच्या माथी असेल, पण त्याची सगळी शिक्षा देण्याचा अधिकार राजाचा नाही. चिथावणी म्हणजे अनुमोदन ओलांडून करवण्याकडे टाकलेले पाऊल, आणि दंडाचा प्रदेश तिथून सुरू होतो.

दंडाअलीकडचा प्रदेश समाजाचा आहे, आणि तो रिकामा नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि इस्लामिक स्टेटमध्ये सामील झाले. त्यांना ओढून नेणारा मजकूर घरातल्या पडद्यावरून आलेला होता. त्यानंतर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने अशा वाटेवर असलेल्या मुलांना अटकेऐवजी घरच्यांना आणि धर्माच्या जाणकारांना बरोबर घेऊन परत वळवण्याचे काम सुरू केले. प्रत्येक वेळी ते जमेलच असे नाही, पण विशीतल्या पोराला तुरुंगात पक्क्या अतिरेक्याच्या शेजारी बसवण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईतून पुढाकार घेऊन हजारावर भारतीय उलेमांनी इस्लामिक स्टेटविरुद्ध फतवा काढला. त्याहून परिणामकारक घटना २००८ चीच. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात करायला मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. निरपराधांचे खून करणारा आमच्या धर्माचा नाही, ही त्यांची भूमिका होती. ते मृतदेह वर्षभर जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारला ते गुप्तपणे पुरावे लागले. मृतदेहाची विटंबना कोणत्याही धर्माला मान्य नाही, आणि या नकाराच्या त्या बाजूबद्दल वाद होऊ शकतो. पण हल्लेखोरांना ज्या हौतात्म्याचे आमिष दाखवले होते त्याला इतके स्पष्ट अनुमोदन-नकाराचे उत्तर कोणत्याही सरकारी प्रचारविभागाला देता आले नसते.

मोठ्या कंपन्यांचे काम वेगळे आहे. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी २०१७ मध्ये एक सामाईक मंच उभारला. दहशतवादी म्हणून ओळखलेल्या चित्रफितीची सांकेतिक खूण एका कंपनीने नोंदवली की इतरांना ती ओळखता येते. क्राइस्टचर्चनंतर मे २०१९ मध्ये पॅरिसमध्ये सरकारे आणि कंपन्यांनी मिळून प्रतिज्ञापत्र काढले, भारतानेही त्याला पाठिंबा दिला. हत्येचे चित्रण थोपवणे अशा यंत्राला जमते, कारण ते चित्रण काय आहे याबद्दल मतभेद नसतो. लेख, भाषण, विनोद, बातमी यांच्याबाबत यंत्र गोंधळते, आणि अत्याचाराचा पुरावा म्हणून जपलेली चित्रेही अत्याचाराचा प्रचार म्हणून पुसली जातात.

आता राज्याच्या स्वतःच्या कृतीकडे वळावे लागते, कारण कृत, कारित, अनुमोदित ही मोजपट्टी त्यालाही लागू आहे. संकटात नेहमीचे नियम बाजूला ठेवण्याची मुभा भारतीय विचाराने दिलेली आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचा स्वतंत्र भाग आहे. त्यातली विश्वामित्राची कथा प्रसिद्ध आहे: बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला ऋषी चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरतो आणि हटकणाऱ्या चांडाळालाच जगण्याचा धर्म समजावतो. आपद्धर्माचे समर्थन करणारे कथा इथेच थांबवतात. कथेत पुढे पाऊस पडतो, ऋषी आपल्या कर्माचा दोष तपाने जाळतो, आणि पूर्वीच्या आचाराकडे परततो. म्हणजे आपद्धर्माला तीन अंगे आहेत: संकट खरे हवे, ते संपल्यावर सूट संपली पाहिजे, आणि मधल्या काळात जे केले त्याचा दोष कर्त्याने कबूल केला पाहिजे.

भारताच्या दहशतवादविरोधी कायद्यांत हे तिसरे अंग कधीच नव्हते आणि दुसरे हळूहळू गळून पडले. १९८५ चा टाडा दोन वर्षांसाठी आला, मुदती वाढवत १९९५ पर्यंत चालला. २००२ च्या पोटालाही मुदत होती. तो २००४ मध्ये रद्द झाला. त्यांतल्या कडक तरतुदींपैकी बऱ्याच मग १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००४, २००८ आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कायमच्या रुजवल्या गेल्या. त्या कायद्याला मुदत नाही. पाऊस पडला की नाही हे विचारण्याची सोयच उरली नाही.

डिजिटल क्षेत्रात हेच घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात असलेला उपाय हवा अशी कसोटी दिली. इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असू शकत नाहीत, असे जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये खंडित झालेली जम्मू-काश्मीरची वेगवान मोबाइल इंटरनेट सेवा सर्वत्र पूर्ववत झाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. अतिरेक्याला अडवण्यासाठी सव्वा कोटी लोकांची परीक्षा, पगार, औषध आणि बातमी अडवणे प्रमाणाच्या कसोटीवर टिकत नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या साधनाबद्दल २०२१ मध्ये नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगॅससच आहे असे सांगता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही अशी नोंद न्यायालयाने केली. ते साधन सरकारने घेतले की नाही, एवढेही नागरिकांना कळलेले नाही.

संदेशांच्या कूटबद्धीकरणाचा वाद याच मुळातून येतो. २०१६ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्यावरून अमेरिकेची एफबीआय आणि अॅपल न्यायालयात भिडल्या. शेवटी एफबीआयने दुसऱ्याकडून फोन उघडून घेतला आणि मागणी मागे घेतली. भारतात २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली, तिला व्हॉट्सअॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. गणिताची अडचण अशी की फक्त सरकारसाठी उघडणारा दरवाजा बनवता येत नाही. पोलिसांना दिलेली वाट चोर, शत्रुराष्ट्र आणि अतिरेकी यांनाही सापडते. एका माणसाचा फोन न्यायालयाच्या परवानगीने ताब्यात घेणे आणि सगळ्यांचे कुलूप कमकुवत करणे यांत पहिलाच मार्ग धर्म्य आहे, जरी त्यात वेळ आणि मेहनत जास्त लागते.

डिजिटल पुराव्याच्या शुद्धतेकडेही लक्ष द्यावे लागते. भीमा-कोरेगाव खटल्यात आरोपींच्या संगणकांत बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ पासूनच्या अहवालांत मांडला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. खरे काय ते न्यायालय ठरवील. पण पुरावा घुसवता येतो ही शक्यता एकदा मान्य केली की तपासणारी प्रयोगशाळा पोलिसांच्या अधिकाराबाहेर असणे ही चैन उरत नाही.

भारतात आज फोन किंवा संगणकावरच्या पाळतीचा आदेश केंद्रीय किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या सहीने निघतो. तो योग्य होता का हे तपासणारी केंद्रातली समिती मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव अशा तिघांची असते. करणारे, करवणारे आणि अनुमोदन देणारे असे तिघेही एकाच सरकारचे नोकर. १९९६ च्या पीयूसीएल निकालाने ही रचना तात्पुरती तडजोड म्हणून घडवली. पुढे नियमांनी ती तशीच कायम केली. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्तांची संमती आवश्यक केली. तिथेही पाळत कमी झाली असे कोणी म्हणत नाही, पण प्रत्येक आदेशाचे कारण सरकारबाहेरच्या एका माणसाला पटवावे लागते. गुप्तहेर यंत्रणांचे अधिकार कायद्याने ठरवून त्यांच्यावर संसदेची देखरेख आणणारे खासगी विधेयक काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते संमत झाले नाही, आणि सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाने तसे विधेयक सरकारतर्फे आणलेले नाही.